मेणातला तुकडा

यवतमाळ, २० ऑगस्ट

प्रिय गौरी,

हे पाकीट हातात पडेल तेव्हा तू दचकशील. लग्न ठरलं तेव्हासुद्धा मी तुला पत्र लिहिलं नव्हतं. पण काल तुझा फोन ठेवल्यावर वाटलं, तू पालमपूरला गेल्यापासून आपण रोज बोलतोय आणि बोलणं एवढंच आहे: जेवलास का, जेवलीस का, पाऊस आहे का, नळ आले का. व्हिडिओवर आणखी अवघड होतं. तू माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकटीकडे बघतेस, मीही तेच करतो. कागदावर निदान कोणी कोणाकडे बघत नाही.

इकडे सगळं चालू आहे. नळ आले की बाबा पहाटे सगळं घर उठवतात, म्हणजे मला उठवतात, दुसरं कोणी नाही. मग मी लोहाऱ्याला गिरणीत जातो. तिथल्या प्रयोगशाळेत सूत ताणायचं, तुटेपर्यंत ओढायचं, कितीला तुटलं ते लिहायचं. संध्याकाळी परत. मी आणि बाबा समोरासमोर बसून जेवतो. आई होती तेव्हा तिच्याकडे बघून आम्ही एकमेकांशी बोलायचो, तू आल्यावर तुझ्याकडे बघून. आता बातम्या लावतो.

परवा शेजारच्या मथुराबाईंनी बाबांना विचारलं, "सूनबाई कायची पीएचडी करून राह्यली हो इतक्या दूर?" बाबा म्हणाले, "सशांच्या पचनसंस्थेवर." मी दारातच उभा होतो. त्यांनी तुझा रजेचा अर्ज वाचलेला आहे, खरा विषय त्यांना माहीत आहे. मथुराबाईंनी मान डोलावली. "सशाले काय पचन असते, गवतच तर खाते."

पण खरं सांगायचं तर मलाही 'सशांवर' याच्या पुढे काही माहीत नाही. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. आता विचारतो. दिवसभर काय करतेस?

अभिषेक


पालमपूर, ४ सप्टेंबर

प्रिय अभिषेक,

वॉर्डनबाईंनी "घर से चिट्ठी आयी है" म्हणत पाकीट दिलं, तेव्हा मेसमधल्या दोन मुली वळून बघायला लागल्या. मी ते खोलीत नेलं आणि चहा होईपर्यंत उघडलं नाही. काहीतरी वाईट असेल असं वाटत होतं. पचनसंस्था वाचून हसले. एकटीच हसले, म्हणून जरा चमत्कारिक वाटलं.

खोलीतली दुसरी मुलगी लग्न करून गेली. खाट रिकामी आहे, तिच्यावर मी पुस्तकं ठेवते. सकाळी खिडकीतून धौलाधारचे डोंगर दिसतात, दहानंतर ढग त्यांना झाकतात. मग दिवसभर काही दिसत नाही. इथे सगळे चांगले आहेत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहेत आणि मला दीदी म्हणतात.

काय करते ते सांगते. प्रत्येक पेशीच्या आत एक सांगाडा असतो. तो हाडांचा नसतो, प्रथिनांच्या बारीक धाग्यांचा असतो. ते धागे पेशीला आकार देतात आणि ताण सोसतात. ताणाचं मी तुला काय सांगणार, तुझा रोजचा धंदाच तो आहे. धाग्यांचे प्रकार असतात. स्नायूंमध्ये एक, आवरणात दुसरा, आधार देणाऱ्या पेशींमध्ये तिसरा, त्याचं नाव व्हायमेंटिन. नर सशाच्या वृषणात आणि शुक्रवाहिनीत यातला कोणता धागा कुठे आहे, आणि पिल्लू वयात येतं तसा तो कसा बदलतो, एवढंच मी बघते. तुकडा मेणात बसवून ठोकळा करायचा, ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंग द्यायचा. जिथे तो धागा असेल तिथेच तपकिरी रंग चढतो. बाकी सगळं फिकट निळं राहतं.

पहिल्या सशाला मीच भूल दिली. पाच वर्षं कळंबच्या दवाखान्यात गाई-बकऱ्या वाचवल्या, आणि आता एक धडधाकट जनावर मांडीवर घेऊन ते थंड होईपर्यंत बसायचं. समितीची परवानगी असते, सही-शिक्का असतो. तरी त्या दिवशी मी मेसमध्ये गेले नाही.

वृषणात बारीक नळ्यांची गुंडाळी असते. नळीच्या भिंतीला लागून उंच पेशी उभ्या असतात. त्यांच्यातून शुक्रजंतू होत नाहीत. जे होणार असतात त्यांना त्या धरून ठेवतात, पोसतात, वर वर सरकवतात. त्यांचं नाव सर्टोली.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. हा शब्द तुला माहीत आहे. आज इथेच थांबते.

गौरी


यवतमाळ, २९ ऑक्टोबर

गौरी,

उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये मी ससे घेतले. आपल्याच घरात, मागच्या न्हाणीत. हसू नकोस.

गिरणीतला शाम राठोड तुला आठवतो ना, आर्णीकडच्या तांड्यावरचा, तुझ्या हातचे अनारसे घेऊन गेला होता तो. त्याला म्हटलं, मला सशांची जोडी पाहिजे. त्याने आर्णीच्या बाजारातून पांढरे दोन ससे आणले, मोटरसायकलला टोपली बांधून. तू दिवसभर कोणासोबत असतेस ते बघावं असं वाटलं, दुसरं काही नाही. बाबांनी पहिल्या दिवशी न्हाणीचं दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी मुळ्याचा पाला निवडून ठेवला.

मला वाटलं होतं पिल्लं होतील. झाली नाहीत. दसऱ्याच्या आधी एकदा गिरणीतून आलो तर न्हाणीभर केस उडालेले, एकाचा कान फाटलेला, दुसऱ्याच्या पोटाखाली रक्त. शामला बोलावलं. त्याने एकेकाला उलटं धरून पाहिलं आणि खालीच बसला.

"भाऊ, हे दोन्ही नर होय."

"जोडी म्हणून आणलेस ना?"

"मले त्यानं जोडी म्हणूनच देल्ली. लहान असतानी ओळखू येत नाही म्हणते. आता वयात आले, तर एकमेकाले फाडून राह्यले." मग बराच वेळ तो त्या सशाचं रक्त पुसत राहिला. "एक मी नेतो. माह्या याडीले, आईले, देतो. घरी पोरं आहेत, खेळतीन."

घरी पोरं आहेत म्हणाला आणि माझ्याकडे न बघता टोपली उचलली. म्हणजे शामलाही कळलेलं आहे. आपण कोणाला सांगितलं नाही तरी लोक किती सांभाळून बोलतात.

दुसरा ससा आहे अजून. खातो, बसतो.

तू तो शब्द लिहून थांबलीस. मग मीच पुढचं लिहितो. नागपूरला तपासायला माझा तुकडा काढला, आठ दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. तू आधीच आत जाऊन, पशुवैद्य आहे, या विषयात शिकले आहे, असं सांगून काच मागून घेतलीस आणि त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलास. मी बाहेरच्या बाकावर होतो, दार अर्धं उघडं होतं. तू डोळा काढलास आणि ताबडतोब माझ्याकडे बघितलं नाहीस. डॉक्टरांनी आत बोलावून सांगायच्या आधी मला कळलं होतं. नंतर ते बोलत होते ते सगळं मी तुझ्या पाठीकडे बघत ऐकलं: फक्त सर्टोली पेशी आहेत, बाकी काही नाही, औषध नाही, दात्याचं बीज घेता येईल, विचार करून सांगा.

याला तीन वर्षं झाली. मी विचार करून सांगितलं नाही. तूही परत विचारलं नाहीस. तू पालमपूरचा अर्ज भरलास.

मला एवढंच सांग, त्या दिवशी तुला काय दिसलं होतं?

अभिषेक


पालमपूर, १२ नोव्हेंबर

अभिषेक,

आज दिवाळी. मुली घरी गेल्या आहेत. वॉर्डनबाईंनी एक पणती माझ्या दारात ठेवली. तुझं पत्र परत एकदा वाचलं. तू विचारलंस ते सांगितलंच पाहिजे, आणि त्यासोबत आणखी एक.

त्या दिवशी मला नळ्या दिसल्या. सगळ्या जागच्या जागी, भिंती नीट. आणि प्रत्येक नळीत त्या उंच पेशी, एका ओळीत उभ्या. त्यांच्यामध्ये जी दाटी असायला हवी ती नव्हती. मी काच सरकवून दुसरीकडे पाहिलं, तिसरीकडे पाहिलं. सगळीकडे तेच. तुझ्याकडे लगेच बघितलं नाही, कारण काय चेहरा करावा ते मला सुचेना.

आता दुसरं. इस्पितळाने तुझा मेणाचा ठोकळा आपल्याला परत दिला होता, छोट्या डबीत, तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. तो तिथे नाही. मी इकडे आणला. का आणला, ते मला सामान भरताना कळत नव्हतं. वाटलं, घरी राहिला तर कधीतरी कोणी तरी कचऱ्यात टाकेल.

मागच्या आठवड्यात सशांच्या काचांसोबत मी त्याचाही एक काप काढला. व्हायमेंटिनचा रंग दिला. अभिषेक, मी इतक्या काचा पाहिल्या आहेत, पण अशी पाहिली नव्हती. नळीच्या तळापासून तपकिरी धागे वर चढत गेलेले, दिव्याच्या वातीसारखे, प्रत्येक पेशीत. कुठेही तुटलेले नाहीत. ज्यांना धरायचं ते कोणी नाही, तरी त्यांचं धरणं शाबूत आहे. मला फार बरं वाटलं. तुझ्यात काही मोडलेलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि ते तुला सांगावंसं वाटलं.

माझ्या गाइड मॅडमनी काच पाहिली आणि विचारलं, ही कुठली. मी म्हटलं, एका पेशंटची, ओळखीच्या. त्यांनी पुढे विचारलं नाही.

बाबांना माझा नमस्कार सांग.

गौरी


पालमपूर, १० डिसेंबर

अभिषेक,

पत्र मिळालं का, असं फोनवर विचारलं तर तू "हो" म्हणालास आणि बाबांना फोन दिलास. बाबा म्हणाले, तूर चांगली आहे यंदा. आपल्याकडे तूर कुठे आहे? त्यांनाही काही सुचलं नसणार.

माझं चुकलं असेल तर तसं लिही.

गौरी


यवतमाळ, २ जानेवारी

गौरी,

लिहायचं नव्हतं. पण तू रोज फोनवर गप्प राहून विचारतेस.

सशांसाठी तू समितीची परवानगी घेतलीस. माझ्यासाठी कोणाची घेतलीस?

मला नागपूरच्या त्या टेबलावर झोपवलं, तेव्हा भूल फक्त खाली दिली होती. मी छताकडे बघत होतो आणि आत तीन अनोळखी माणसं गिरणीतल्या माणसांसारखी आपापसात बोलत होती. त्यातून जे निघालं ते मी परत बघायचं नाही असं ठरवून डबीत ठेवलं. तू ते उचललंस, कापलंस, रंगवलंस आणि मला लिहितेस की सुंदर दिसतं. वर मॅडमना दाखवलंस. ओळखीचा पेशंट. बाबा तुझा विषय लपवतात आणि तू मला लपवतेस.

रागात लिहितोय, पण एक गोष्ट रागात नाही. परवा मी नागपूरला फोन केला. डॉक्टरांना म्हटलं, दात्याचं बीज घ्यायला आमची तयारी आहे. तुला जे हवं होतं ते. तो ठोकळा घेऊन परत ये. रजा रद्द होते, मी चौकशी केली आहे. उन्हाळ्याच्या आधी सुरू करू असं ते म्हणाले.

अभिषेक


पालमपूर, १३ जानेवारी

अभिषेक,

परवानगी घ्यायला हवी होती. घेतली नाही. याच्यावर मला काही स्पष्टीकरण द्यायचं नाही. ठोकळा माझ्या टेबलाच्या खणात आहे, त्याला परत हात लावलेला नाही. काच एकच केली होती, तीही आहे.

तू हो म्हणालास ते तीनदा वाचलं. तीन वर्षं या शब्दाची वाट बघितली, आणि आला तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की हा मला घरी बोलावण्यासाठी आहे. असं मूल आलं, तर त्याच्याकडे बघताना तुला दर वेळी हे आठवेल की आपण बायको परत आणण्यासाठी हो म्हटलं होतं. मला नाही असं आणायचं. नागपूरला मी फोन केला आणि सध्या नको म्हणून सांगितलं.

मला मूल हवं आहे, हे मी लपवत नाही. पण तुला काय हवं आहे ते तू आजवर एकदाही सांगितलेलं नाहीस. लाज वाटते हे सांगितलंस, राग येतो हे सांगितलंस.

तू इकडे ये. काच बघायची असेल तर बघ, नाही तर माझ्यासमोर फोडून टाक. तिच्यावर तुझाच हक्क आहे. नागपूरहून पठाणकोटची गाडी मिळते, तिथून बस. बर्फ फक्त वर डोंगरावर असतं, पण स्वेटर दोन आण.

गौरी


यवतमाळ, १८ फेब्रुवारी

प्रिय गौरी,

गिरणीतून फोन आला, जावं लागेल, असं तुला बस स्टँडवर सांगितलं ते खोटं होतं. फोन आला नव्हता. चार दिवसांसाठी आलो होतो आणि दुसऱ्याच दिवशी निघालो. तू पाहुण्यांची खोली सांगून ठेवली होतीस, राजमा भिजत घातला होतास. पठाणकोटपर्यंत मला तो भिजलेला राजमाच दिसत होता.

का निघालो ते समोर बोलता आलं नाही. इथे लिहितो.

प्रयोगशाळेत तू मला आधी सशाची काच दाखवलीस. मोठ्या सशाची. मला वाटलं होतं काही ठिपके असतील. पण ती केवढी गर्दी होती. थरावर थर, बाहेर गोल, आत येता येता बारीक, आणि मधोमध शेपट्यांचे झुपके. बुधवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते तसं. तू सांगत होतीस, ही ही अवस्था, ही पुढची. मी ऐकत नव्हतो. एवढं सगळं कोणाच्याही आत रोज चाललेलं असतं आणि कोणाला पत्ता नसतो, याचंच नवल वाटत होतं.

मग तू विचारलंस, "तुझी लावू?" मी मान डोलावली.

तू लिहिलं होतंस तशीच होती. तपकिरी, वातींसारखी. मी विचारलं, "इथले सगळे कधी मेले?" तू म्हणालीस, "मेले नाहीत. इथे कधी कोणी आलंच नव्हतं. तू आईच्या पोटात होतास तेव्हाच जे यायचे ते आले नाहीत."

तू हे सहज बोललीस, शिकवताना बोलतेस तसं. पण गौरी, तीन वर्षं मी असं धरून चाललो होतो की माझ्यात कोणीतरी होतं आणि ते माझ्या हातून गेलं. लहानपणी गालगुंड झालं ते, गिरणीतली उष्णता, कॉलेजातली सिगारेट, काय काय मोजलं मी. आणि तिथे कोणी आलंच नव्हतं. मी ज्यांचं सुतक धरून बसलो होतो ते कधी नव्हतेच. मला एकदम हलकं वाटलं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, तुला वाटलं मी रडतोय. मी रडत नव्हतो.

त्या हलकेपणात दुसरी गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर मला तिथे थांबता येईना. मला मूल नको आहे. दात्याचं नको, दत्तक नको, माझं होऊ शकलं असतं तरी मला वाटतं नको होतं. मला फक्त न होण्याची लाज होती. लाज गेली, तर खाली काहीच उरलं नाही. नंतर आपण चहाच्या मळ्यातून चाललो, तू किती दिवसांनी मोकळं बोलत होतीस, आणि माझ्याकडे अशा आशेने बघत होतीस की मी तोंड उघडलं नाही. सकाळी खोटं बोलून निघालो.

काच फोडली नाही. ठोकळा तुझ्याकडे राहू दे, आता मला त्याचं काही वाटत नाही. मॅडमना हवं तर सांग कोणाचा आहे.

तू विचारलं होतंस, मला काय हवं आहे. उत्तर हे आहे. उशीर झाला.

अभिषेक


पालमपूर, ९ मार्च

प्रिय अभिषेक,

राजमा मी मेसमध्ये दिला. सगळ्यांनी खाल्ला.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग दोन दिवस काचा बघत होते आणि काहीच दिसत नव्हतं, मॅडमनी खोलीवर पाठवलं. तिसऱ्या दिवशी राग गेला. तू नाही म्हणालास, आणि ते मला खरं वाटलं. जानेवारीतलं हो वाटलं नव्हतं.

आता माझं ऐक. माझी इच्छा तुझ्या लाजेसारखी नाही, काच बघून ती गेली नाही. मी छत्तीस वर्षांची आहे. परत आले, तुझ्यासोबत राहिले आणि हे हवंपण गिळत बसले, तर तुला ते रोज दिसेल. तू चांगला आहेस, म्हणून तू परत एकदा हो म्हणशील. ते मला नको आहे आणि तुझ्यासाठीही नको आहे.

पीएचडी संपल्यावर मी यवतमाळला येणार नाही. इथेच काही मिळतं का बघते. मूल कसं, कुठून, एकटीला जमेल का, हे अजून मला माहीत नाही. कागदपत्रांची मला घाई नाही. तुला असेल तर कळव, मी सही करून पाठवीन.

आईला अजून सांगितलेलं नाही. कळंबला सगळे म्हणतात, पोरगी शिक्षणापायी घर मोडायला निघाली. आईला हे ऐकावं लागतं. सांगायचं कसं ते सुचत नाही, कारण सांगायचं तर तुझं सांगावं लागतं, आणि ते मी एकदा तुला न विचारता केलं आहे.

इथे बर्फ वितळायला लागलं. दिवसभर पाण्याचा आवाज येतो.

गौरी


यवतमाळ, ११ मे

प्रिय गौरी,

मला कागदपत्रांची घाई नाही. तू म्हणशील तेव्हा.

तुझं पत्र आल्यावर मी बरेच दिवस ते खिशात घेऊन फिरलो. मग एका रविवारी बाबा कुलरमध्ये पाणी टाकत होते, तेव्हा सांगितलं. नागपूर, तुकडा, काच, पालमपूर, सगळं. तू परत येणार नाहीस हेही. त्यांनी बादली खाली ठेवली. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "मग ती पोरगी इतके दिवस कायले बोलणं खाऊन राह्यली सगळ्यांचं?"

"मी सांगू दिलं नाही."

त्यांनी बादलीतलं उरलेलं पाणी कुलरमध्ये ओतलं. मग विचारलं, "तिच्या आईले माहीत आहे?" मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर बाबा घरात नव्हते. धुतलेला सदरा, टोपी, दोन्ही जागेवर नव्हते. दुपारी उन्हाचे परत आले, चेहरा लाल झालेला. एसटीने कळंबला जाऊन आले होते. मी पाणी दिलं. ते प्याले आणि बसून सांगितलं, अगदी ऑफिसातला अहवाल द्यावा तसं. तुझ्या आईंनी दार उघडलं. ते आत गेले, बसले, चहा येईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "प्रभावतीबाई, गौरीमध्ये काही कमी नाही. कमी आमच्या घरात आहे. मी अभिषेकचा बाप, मी स्वतः सांगायला आलो. आता तिच्याबद्दल कोणी काही बोललं तर तुम्ही माझं नाव सांगा." तुझ्या आई रडल्या म्हणे. तुझ्या वहिनीही दारात उभ्या राहून ऐकत होत्या, म्हणजे गावात पोचायला वेळ लागणार नाही. बाबा म्हणाले, "मी मुद्दामच मोठ्यानं बोललो."

मला आधी वाटलं, त्यांनी मला न विचारता हे केलं. पण तो विचार टिकला नाही.

जेवताना त्यांनी टीव्ही लावला नाही. आम्ही बोललोही नाही, पण ते वेगळं होतं.

काल अक्षय तृतीया झाली. तू होतीस तेव्हा पितरांच्या नावाची घागर तू आणायचीस, वाळा, आंबे, पुरणाचं ताट सगळं तू बघायचीस. यंदा मथुराबाईंनी पुरण पाठवलं. बाबांनी पाट मांडला, आजोबांची आणि आईची अशा दोन घागरी ठेवल्या. दरवर्षी ते स्वतः पाणी भरतात. काल तांब्या हातात घेतला आणि थांबले. आमच्या दोघांच्याही मनात एकच आलं असणार. या घागरी आपल्यामागे भरायला कोणी नाही. मी मान खाली घातली.

त्यांनी तांब्या माझ्याकडे केला. म्हणाले, "आपल्यामागं कोणी भरो न भरो. आज तुझ्या आईची आहे. ती भर."

मी भरली.

अभिषेक